घरी गाडीचं काम करताना बोल्ट तुटला तर काय करायचं: पहिल्या दहा मिनिटांपासून गाडी परत चालू होईपर्यंत

मी रत्नागिरीत राहतो, गाडी बारा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे आणि ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक पॅड ही कामं गेली काही वर्षं मी घरच्या अंगणातच करतोय. मागच्या मे महिन्यात थर्मोस्टॅट बदलायला घेतला, म्हणजे तापमान बघून कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) अडवणारा-सोडणारा व्हॉल्व्ह. झाकणाला दोनच बोल्ट, एम ६ चे (म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचे), १० च्या पान्याचे. पहिला सुटला, दुसरा थोडा फिरला आणि त्याचं डोकं पान्यातच राहिलं, दांडी आत ॲल्युमिनियममध्ये. कूलंट सगळं काढलेलं, म्हणजे गाडी चालू करून गॅरेजला न्यायचाही मार्ग बंद.

तुटलेला बोल्ट हा खरं तर छोटा प्रॉब्लेम होता. तो मोठा झाला कारण पुढच्या अर्ध्या तासात घाईघाईत मी आणखी एक चूक केली, ती खाली सांगतोच. नवीन लोक घरी काम करायला लागलेत ते बघून बरं वाटतं, पण काहीतरी तुटल्यावर काय करायचं हे कुणीच नीट सांगत नाही, सगळे व्हिडिओ बोल्ट मस्त सुटतो असेच असतात. म्हणून हे लिहितोय. उदाहरण बोल्टचं आहे पण क्रम बहुतेक सगळ्या तुटक्या पार्टला लागू पडतो.

१. पाना खाली ठेवा

अगदी शब्दशः. तुटल्या तुटल्या डोक्यात एकच विचार असतो, आत्ताच्या आत्ता काढतो, आणि मग हातात जे येईल ते, पकड, छिन्नी, ड्रिल. दांडी बाहेर दोन-तीन मिलिमीटर शिल्लक असेल तर ती पुढच्या सगळ्या उपायांसाठी सोन्यासारखी आहे, आणि पकडीने कुरतडून आपणच ती संपवतो.

गाडी जॅकवर असेल तर आधी स्टँड लावलेत का ते बघा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, आणि विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक लावून तर अजिबात नाही, ते इशारा न देता फुटतात. इंजिन गरम असेल तर गार होऊ द्या, रेडिएटरची कॅप गरम असताना उघडायची नाही. कूलंट जमिनीवर सांडलं असेल तर लगेच पाणी ओतून धुऊन टाका, ते चवीला गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांसाठी विष आहे. आमच्या अंगणात तीन मांजरं फिरतात म्हणून हे मी कधी विसरत नाही.

मग फोटो काढा. लांबून एक, जवळून दोन, बाजूला पट्टी किंवा नाणं ठेवून. हेच फोटो पुढे दुकानात आणि लेथवाल्याला दाखवायला लागतात.

२. काय तुटलंय यावरून हे काम आपलं की नाही ते ठरवा

ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, एअरबॅग आणि पेट्रोलची लाइन, यातलं काही तुटलं आणि तुम्ही नवीन असाल तर तिथेच थांबा आणि माणूस बोलवा किंवा गाडी उचलून न्या. कॅलिपरचा ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) तुटतो ना, तो आतून पोकळ असतो म्हणून जरा जोर लागला की मोडतो, आणि मग "गळत तर नाहीये, चालवून बघू" असा मोह होतो. तसं करू नका. चाकाच्या चारपैकी एक स्टड तुटला तर तेही तसंच, उरलेल्या तिघांवर भार जातो, रोजची धावपळ त्यावर करायची नाही.

बाकी म्हणजे थर्मोस्टॅटचं झाकण, एअर फिल्टरचा डबा, इंजिनवरची कव्हरं, अंडर-कव्हर, ब्रॅकेट, क्लिपा, इथे घरी प्रयत्न करायला हरकत नाही. पण प्रयत्न बिघडला तर आणखी काय जाईल हे आधी बघायचं. ज्याच्यात बोल्ट अडकलाय तो भाग सुटा होऊन बाहेर येतो का? माझ्या केसमध्ये ते हाउसिंग, म्हणजे थर्मोस्टॅट ज्यात बसतो ते ॲल्युमिनियमचं घर, सिलिंडर हेडवरून वेगळं निघत होतं. हे मला माहीत होतं तरी मी ते काढलं नाही, गाडीतच वाकून ड्रिल करत बसलो. टेबलावर शिकंज्यात धरून जे काम सरळ होतं ते बॉनेटखाली वाकडंच होतं.

३. नवीन पार्टची किंमत आधी विचारा, हत्यारं नंतर

हे मी क्रमाने मुद्दाम वर ठेवलंय. फोन करायला दहा मिनिटं लागतात. कंपनीच्या अधिकृत डीलरकडे पार्टचं काउंटर वेगळं असतं, तिथे गाडी न नेता पार्ट विकत मिळतो, बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं. जाताना किंवा फोन करताना जवळ हे ठेवा:

- आरसीचा फोटो (डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवरचं पण चालतं)
- चेसिस नंबर, पूर्ण १७ अक्षरी, कारण त्याच मॉडेलच्या गाडीत मधल्या वर्षात पार्ट बदललेला असतो
- तुटलेला तुकडा स्वतः, प्लॅस्टिकच्या पिशवीत
- पार्टवर कोरलेला किंवा छापलेला नंबर असेल तर त्याचा फोटो
- इन्शुरन्सची पॉलिसी, त्यात रोड साइड असिस्टन्स घेतलं असेल तर तो नंबर, गाडी उचलून न्यायची वेळ आली तर उपयोगी

इन्शुरन्सवरून आठवलं, एक गैरसमज फार आहे. साध्या मोटर पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि मोडतोड धरलेली नसते, ती अपघातासाठी आहे. तुमच्या हातून बोल्ट तुटला याचा क्लेम होत नाही, त्यात वेळ घालवू नका. आणि गाडी अजून वॉरंटीत असेल तर मात्र पुढे काहीही उपटाउपटी करण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा.

डीलरकडे नसेल तर स्पेअर पार्टचे बाजार आहेत, पुण्यात नाना पेठ, मुंबईत जुन्या पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना पार्ट घ्यायला मी घाबरत नाही, आरसा, प्लॅस्टिकचा डबा, ब्रॅकेट, हाउसिंग असलं काही असेल तर बिनधास्त. पण ब्रेकचं, रबराचं आणि ज्याच्यावर जीव अवलंबून आहे ते जुनं नको.

४. हत्यारं जमवा

घरात साधारण हे लागतं: सहा कोनी सॉकेट आणि रिंग पाने, लॉकिंग पकड (जी चावून घट्ट बसते ती), गंज सोडवणारं भेदक तेल, हातोडी, सेंटर पंच (ड्रिल घसरू नये म्हणून ठोकून खड्डा पाडायची टोकदार सळी), तारेचा ब्रश, चांगले एचएसएस (हाय स्पीड स्टीलचे) ड्रिल बिट, स्पीड कमी करता येणारं आणि उलटं फिरणारं ड्रिल मशीन, डोळ्यांवर गॉगल. शक्य असेल तर एक टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने घट्ट होतोय ते मोजणारा पाना. गॉगलशिवाय ड्रिलला हात लावू नका, स्टीलचा कीस डोळ्यात गेला की विषय गाडीचा राहत नाही.

पान्याबद्दल एक सापळा सांगतो. जपानी आणि कोरियन घडणीच्या गाड्यांत बोल्टची डोकी १०, १२, १४, १७ अशी असतात, युरोपीय घडणीत १०, १३, १६ अशी. १२ च्या डोक्यावर १३ चा पाना बसतो, जरा ढिला वाटतो एवढंच, आणि पहिल्याच झटक्यात कोन गोल करतो. तसंच बारा कोनी सॉकेट गंजलेल्या बोल्टवर लावू नका, तो फक्त कोपऱ्यांना धरतो. अर्धी डोकी अशीच खराब होतात आणि दोष गंजाला जातो.

५. बोल्ट तुटण्याआधी सांगतो, ते ऐकायला शिका

आमच्या शेजारी एक काका आहेत, एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. माझा सगळा प्रकार झाल्यावर ते आले आणि पहिला प्रश्न, "तुटायच्या आधी मऊ फिरला होता का रे?" फिरला होता. मला वाटलेलं सुटतोय.

जाम बोल्ट खरंच सुटतो तेव्हा कट् असा कोरडा आवाज येतो आणि मग तो एकदम हलका होतो. पाना फिरतोय पण जोर कमी होत नाहीये, रबर पिळल्यासारखं वाटतंय, तर तो सुटत नाहीये, पिळला जातोय. तिथे थांबायचं आणि उलट थोडं घट्ट करायचं. हो, घट्ट. मग तेल, मग थोडं सोडायचं, परत घट्ट, असं पाव-पाव फेऱ्याने पुढे-मागे. काकांचं म्हणणं होतं की गंज पिठासारखा होऊन बाहेर यायला जागा लागते, ओढून तो निघत नाही.

तेल मारून लगेच पाना लावण्यात काही अर्थ नाही. संध्याकाळी मारा, डोक्यावर हातोडीने दहा-बारा हलके टोले द्या म्हणजे तेल आट्यांत (बोल्टच्या पिळाच्या खाचांत) उतरतं, सकाळी परत मारा, मग काम सुरू. कोकणात खारी हवा आणि चार महिने पाऊस, इथे तर मी रात्रभर ठेवल्याशिवाय जुन्या बोल्टला हातच लावत नाही आता. थर्मोस्टॅटच्या बोल्टचं आणखी एक आहे, स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमचं घर आणि कूलंटऐवजी कुणीतरी वर्षानुवर्षं भरलेलं नळाचं पाणी, यात दोन धातू एकमेकांना खात बसतात आणि पांढरी पूड आट्यांत घट्ट भरते. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि रेडिएटरमध्ये तांबूस पाणी दिसत असेल तर हे बोल्ट तुटणारच असं धरून चाला.

६. तुटलेली दांडी काढायची, सोप्यापासून अवघडाकडे

अ) दांडी बाहेर दिसतेय. तारेच्या ब्रशने साफ, तेल, रात्रभर वाट, मग लॉकिंग पकड जितकी घट्ट चावेल तितकी लावून पुढे-मागे. दांडी जास्त बाहेर असेल तर त्यावर दोन नट एकमेकांवर घट्ट बसवून खालच्या नटाला पाना लावला की कधी कधी अख्खी निघते.

आ) तरी हलत नाही. उष्णता द्यायची, पण दांडीला नाही, तिच्या भोवतीच्या धातूला, म्हणजे भोक प्रसरण पावतं. हे फक्त पार्ट गाडीबाहेर काढल्यावर. गाडीवर असताना आजूबाजूला पेट्रोल, रबर, वायरिंग, ब्रेक फ्लुइड सगळंच असतं, तिथे ज्योत नको. आणि ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारलेल्या जागेवर तर अजिबात नाही, त्यातल्या क्लोरीनवाल्या प्रकारांतून तापल्यावर विषारी वायू निघतो.

इ) वेल्डिंगवाला. दांडीवर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्ड भरतात, गार झालं की पान्याने फिरवतात. हा माझ्या मते सगळ्यात भरवशाचा उपाय आहे, कारण वेल्डची उष्णता दांडीच्या आत जाते आणि गंजाची पकड तुटते. गाडीवरच वेल्डिंग होणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा, नाहीतर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) धोका. वेल्डरला सांगा अर्थिंगचा चिमटा कामाच्या जागेजवळच लाव.

ई) ड्रिल करून काढणे. बरोबर मध्यावर सेंटर पंच, इथेच सगळं ठरतं, अर्धा मिलिमीटर चुकलात तर बिट स्टील सोडून मऊ ॲल्युमिनियममध्ये घसरतो. सुरुवात २.५ किंवा ३ मिलिमीटरने, स्पीड कमी, दाब स्थिर, तेलाचा थेंब सारखा. उलट्या पिळाचे ड्रिल बिट मिळाले तर घ्या, मशीन उलटं फिरवून ड्रिल करताना पुष्कळदा दांडी आपोआप फिरून बाहेर येते. भोक इंजिनच्या आत उघडत असेल तर आत कापड कोंबा, आणि किती तुकडे कोंबले ते मोजून ठेवा.

आता माझी दुसरी चूक. मी ड्रिल करून आत स्क्रू एक्स्ट्रॅक्टर घातला, ज्याला गॅरेजमध्ये इझी आउट म्हणतात (भोकात रुतवून दांडी उलटी फिरवायची उलट्या पिळाची सळी), आणि जोर लावला. तो आत मोडला. एक्स्ट्रॅक्टर कडक केलेल्या स्टीलचा असतो, साधा एचएसएस ड्रिल त्याच्यावर नुसता चमकतो, कापत नाही. म्हणजे आधी मऊ बोल्ट अडकला होता, आता त्याच्या आत दगड. एम ६ साठी एक्स्ट्रॅक्टर पेन्सिलीच्या शिशासारखा बारीक येतो, आणि ज्या दांडीला पूर्ण पाना हलवू शकला नाही ती हा बारका तुकडा काय हलवणार, असं शांतपणे विचार केला असता तर कळलं असतं. माझं आता ठाम मत आहे, एम ८ च्या खाली एक्स्ट्रॅक्टर वापरायचाच नाही. वेल्डिंगवाला किंवा लेथवाला.

७. लेथवाल्याकडे जाताना

शेवटी हाउसिंग सोडवलं, पिशवीत घातलं आणि एसटीने आंबा घाटातून कोल्हापूरला गेलो. तिथे शिवाजी उद्यमनगरात मशीनची कामं करणाऱ्यांच्या रांगाच आहेत. मोडलेला एक्स्ट्रॅक्टर किंवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) काढायला स्पार्क इरोजनचं मशीन लागतं, ज्याला सगळे ईडीएम म्हणतात. ठिणग्यांनी धातू झिजवतं, त्यामुळे तो कितीही कडक असला तरी फरक पडत नाही. रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीत लेथ आहेत, साधी दांडी काढणं, नवीन आटे पाडणं तिथेही होतं, मला त्या मशीनसाठी लांब जावं लागलं.

दुकानात पाऊल टाकल्यावर पहिलं वाक्य खरं बोला: आत काय काय मोडलंय, कोणता ड्रिल किती खोल गेलाय. लपवलंत तर त्याचं हत्यार मोडतं आणि तुमचा पार्टही. पलीकडचा जोडीचा भाग आणि चांगला बोल्ट सोबत न्या म्हणजे आट्याचं माप जुळवता येतं. पैसे आणि "नाही निघाला तर काय" हे दोन्ही काम सुरू व्हायच्या आधी ठरवा.

आटे खराब झाले असतील तर घाबरू नका. त्यावर हेलिकॉइल बसवतात, म्हणजे भोक मोठं करून त्यात नवे आटे पाडायचे आणि स्टीलच्या तारेची गुंडाळी घालायची, आत माप पुन्हा मूळचंच राहतं. ॲल्युमिनियममध्ये हे मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ होतं. "एक नंबर मोठा बोल्ट मारून देतो" असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणतो, भिंत पातळ होते आणि पुढच्या वेळी हाउसिंगच फुटतं. घरी टॅप मारायचाच असेल तर ड्रिलची मापं ही: एम ६ ला ५, एम ८ ला (१.२५ पिचचा, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिलिमीटर) ६.८.

परत आल्यावर डीलरच्या काउंटरला विचारलं तर नवीन हाउसिंग चार दिवसांत मागवून मिळणार होतं. तिसरी पायरी मी तिसरीच का ठेवली ते आता कळलं असेल.

८. प्लॅस्टिकचं काही तुटलं तर

थोडक्यात. इंजिनजवळचं प्लॅस्टिक दहा वर्षांत बिस्किटासारखं होतं, सकाळी थंडीत तर जास्तच, त्यामुळे क्लिपा उन्हात गाडी थोडी तापल्यावर काढा. कनेक्टरचं कुलूप तुटलं तर झिप टाय लावून गाडी चालते, पण हलून लूज होणार नाही याची खात्री करा. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप तुटली तर नुसता टेप नको, फटीतून धूळ थेट इंजिनमध्ये जाते, डबाच बदला. पेट्रोलच्या आणि कूलंटच्या नळ्यांना कुठलाही चिकटवा चालत नाही.

९. नवीन बोल्ट आणि परत जोडणी

हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही बोल्ट उचलू नका. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं लिहिलेलं बघा, जुन्यावर जे होतं तेच. काही लिहिलेलं नसेल तर तो मऊ धरायचा. लांबीही तीच हवी, लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो, तुम्हाला वाटतं घट्ट झाला, झाकण मात्र ढिलंच असतं, आणि आणखी जोर दिला की ॲल्युमिनियमला तडा.

बंद भोकात तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर हवा मारून पूर्ण काढा, कारण द्रव दबत नाही, बोल्ट आत जाताना भोकच फोडतो. सील बसते ती जागा प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करा, छिन्नीने खरवडलं की ओरखड्यातून गळणार. सील किंवा गॅस्केट नवीनच.

बोल्ट सुरुवातीला हाताने, बोटांनीच चार-पाच फेरे गेला पाहिजे. नाही गेला तर तिरका बसतोय, काढा आणि परत लावा. दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे घट्ट करायचे. एम ६ ला साधारण १० न्यूटन मीटर म्हणजे खूपच कमी, छोटा पाना मधोमध धरून मनगटाने जेवढा जोर लागतो तेवढाच, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असेल तर तोच खरा. आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावलं तर टॉर्क आणखी कमी ठेवा, कारण बोल्ट सहज फिरतो आणि नकळत जास्त ताणला जातो.

कूलंट भरताना बाटलीवर रेडी मिक्स लिहिलंय का बघा, असेल तर पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर, बाटलीवरच्या प्रमाणात, बहुतेक निम्मं निम्मं. मग गार इंजिनवर कॅप उघडी ठेवून गाडी चालू करा, हीटर पूर्ण गरमवर, बुडबुडे येतील तसं भरत जा, रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत आतली हवा निघालेली नसते. शेवटी शेवटी कूलंट वर यायला लागतं, तोंड लांब ठेवा, आणि एकदा कॅप लावली की गाडी गार होईपर्यंत परत उघडू नका.

त्यानंतर पहिले दोन दिवस गाडी गावातच फिरवा, रात्री खाली कोरडा पुठ्ठा टाका आणि सकाळी निघायच्या आधी पुठ्ठ्यावर डाग आणि बाटलीतली पातळी बघा. माझा पुठ्ठा पहिल्या सकाळी कोरडा होता, दुसऱ्या सकाळीही, तिसऱ्या दिवशी मी गणपतीपुळ्याला जाऊन आलो आणि मग तो पुठ्ठा काढला.